चुन्याची पुडी आणि लेकराचा डोळा

घरात तंबाखू मळणारं कुणी असलं की चुन्याची पुडी कोनाड्यात असतेच. लेकरं ती दाबतात, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. दवाखान्यात असताना अशी लेकरं आम्ही पाहिली. एकाच्या आजीने वर लिंबू पिळलं होतं, चुना मरतो म्हणून.

चुना हा अल्कली, आम्लाच्या उलट. हळदीत कालवला की हळद लाल होते, ती हीच खूण. शुद्ध पाण्याचा सामू ७, चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर. लिंबाने चुना मरतो हे खरं. पण ते वाटीत, डोळ्यात नव्हे. लिंबूही आम्लच, तेही जाळतं. आम्लाने वरचा थर बहुधा गोठतो आणि त्याची पुढची वाट अडते. अल्कली मात्र पेशींतल्या चरबीचा साबण करत आत आत उतरत राहतो. दुखणं कमी झालं तरी.

म्हणून तिथल्या तिथे पापणी उघडी धरून अर्धा तास स्वच्छ पाणी सोडा. नळ गेला असेल तर हंड्यातलं, तांब्याने. लेकरू ओरडेल, हात सोडायचा नाही. पापणीखाली अडकलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने टिपा. तूप, दूध, मध काही घालू नका. मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे, रिक्षातही पाणी सोडत.