आधी हुनर, मग माल: सी. रामचंद्र यांच्याकडून धंद्याचा धडा

"दुकानात अजून काय ठेवू?" असं चंद्रपूर-गडचिरोलीतून बरेच जण विचारतात. उत्तरासाठी संगीतकार सी. रामचंद्र बघा. जन्म १९१८, पुणतांबा. गाणं शिकले आपल्या नागपुरात. सिनेमात आले हिरो व्हायला, पण 'नागानंद' पडला. मग? लाज न धरता मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवली, काम शिकले. पुढे 'अलबेला'त (१९५१) पाश्चात्त्य ठेका, 'अनारकली'त (१९५३) रागदारी. 'चितळकर' नावाने गायलेसुद्धा. गिऱ्हाईक वेगळं, हुनर एकच.

मी मात्र किराण्यात मोबाईलचं सामान भरलं. त्यातलं कळत काहीच नव्हतं. माल पडून राहिला, पैसे अडकले.

माल वाढवा, पण येतं त्याच्या आजूबाजूचाच. आज वहीत लिहा: तुमची 'पेटी' कोणती?