सुरणाचे बेणे जपा

सभासद बंधूंनो, उसाच्या डोळ्याची पारख आपणास सांगायला नको. सुरणातही डोळाच महत्त्वाचा. पण बेणे फार लागते. ३ × ३ फुटांवर गुंठ्यास १२१ खड्डे बसतात. खड्ड्यास अर्धा किलोचा तुकडा धरला, तर बेणे झाले साठ किलो. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो. ते साठवणीत सडले, तर पुढचा हंगाम गेलाच समजा.

पाने पिवळी पडून दांडा लोळला, की काढणी करावी. कुदळीचा घाव लागलेले गड्डे आधी खावेत वा विकावेत. बाकीचे माती झटकून सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या पाचटावर एकथरी पसरावेत. पोत्यात कोंबू नयेत. पंधरवड्याने पाहून मऊ पडलेला गड्डा बाहेर काढावा.

एप्रिल-मेमध्ये लावणीसाठी कापताना प्रत्येक तुकड्यास मधल्या डोळ्याचा भाग यायलाच हवा. तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावेत. आपल्या काळ्या रानात पाणी साचते, तेथे लावण वरंब्यावर करून पाचट पसरावे. 'गजेंद्र' ही जात कमी खाजरी आहे.

आमचे सांगणे एवढेच : पहिल्या वर्षी गुंठाभरच लावा आणि पुढचे बेणे घरचे राखा.