कोलंबसाच्या आधी चिनी जहाजं अमेरिकेत पोचली होती का?



"अमेरिकेचा शोध कोलंबसाने नाही, चिन्यांनी १४२१ मध्ये लावला" असा मजकूर तुमच्याही मोबाईलवर कधीतरी आला असेल. सोबत जुनाट दिसणारा एक नकाशाही असतो. वाचून छान वाटतं, पुस्तकात नसलेलं गुपित हाती लागल्यासारखं. पण हे खरं आहे का? आज आपण टप्प्याटप्प्याने तपासू या.

आधी खरा इतिहास

झेंग हे हा चीनच्या मिंग राजवटीतला दर्यासारंग. जन्म १३७१ चा, युनान प्रांतातल्या मुस्लिम घरातला. लहान वयात मिंग सैन्याने त्याला पकडून नेलं. पुढे तो युंगलो सम्राटाचा विश्वासू सरदार झाला. १४०५ ते १४३३ या काळात त्याच्या नेतृत्वाखाली सात सागरी मोहिमा निघाल्या. पहिल्याच मोहिमेत सुमारे २७,८०० माणसं होती. तुलना करून बघा, १४९२ मध्ये कोलंबसाकडे होती फक्त तीन जहाजं आणि सुमारे ९० माणसं!

हा ताफा आपल्या देशातही आला होता. कालिकत म्हणजे आजचं केरळमधलं कोळिकोड हे त्यांचं महत्त्वाचं बंदर. तिथून पुढे होर्मुझ, एडन आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत ते गेले. सोबत मा हुआन नावाचा दुभाषी होता. त्याने लिहून ठेवलंय की कालिकतचे लोक हातापायांच्या वीस बोटांवर हिशेब करतात आणि तो जराही चुकत नाही. पहिलीच्या मुलांना हे जरूर सांगा!

मग दावा काय आहे?

२००२ मध्ये गेविन मेंझिस या निवृत्त ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचं '१४२१' नावाचं पुस्तक आलं. सहाव्या मोहिमेतली जहाजं अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अगदी अंटार्क्टिकापर्यंत गेली, असं त्यात म्हटलंय. मग पुरावा का नाही? तर म्हणे नंतरच्या अधिकाऱ्यांनी सगळे कागद नष्ट केले. पुस्तक भरपूर खपलं. इतिहासकारांनी मात्र ते मान्य केलं नाही.

आता तपासू या

१. कागद नष्ट झाले? मोहिमांचे काही दप्तर नष्ट केल्याची कथा चीनमध्ये आहेच. पण सगळं गेलं नाही. मा हुआनचं पुस्तक आहे, दरबारी नोंदी आहेत. श्रीलंकेत गॉल इथे १४०९ सालचा शिलालेख सापडला. तो चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत आहे. यांपैकी कशातच अमेरिका नाही.

२. दगड काय सांगतो? १४३१ मध्ये झेंग हे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या चांगले इथे शिलालेख उभारला. आपण तीसहून अधिक देशांना गेलो, हे त्यात अभिमानाने कोरलंय. त्यावर हुंग बाओ आणि जोउ मान यांचीही नावं आहेत. मेंझिस ज्यांना दूरच्या खंडांवर पोचवतो, तेच हे दोघे! एवढा मोठा पराक्रम केला असता तर तो दगडावर कोरायला ते विसरले असते का?

३. नकाशाचं काय? २००६ मध्ये एक नकाशा पुढे आला. हा १४१८ च्या नकाशाची १७६३ मध्ये केलेली नक्कल आहे, असं त्याच्यावरच लिहिलंय. त्यात कॅलिफोर्निया बेट म्हणून दाखवलंय. खरं तर ते बेट नाही. हीच चूक १७ व्या शतकातल्या युरोपीय नकाशांत दिसते. शिक्षकांना हे लगेच कळेल. शेजारी बसलेल्या दोन मुलांचं उत्तर बरोबर आलं तर आपण काही म्हणत नाही. पण दोघांची चूकही अगदी सारखी निघाली, तर कॉपी कुठून आली ते पाहावंच लागतं.

४. अवशेष? अमेरिकेत न्यूपोर्ट इथला दगडी मनोरा चिनी असल्याचं मेंझिस म्हणतो. उत्खननात आणि चुन्याच्या तपासणीत तो १७ व्या शतकातला ठरलाय.

एवढी उठाठेव कशासाठी?

"युरोपच्या आधी आशियातल्या लोकांनी केलं" हे ऐकून आपल्याला आनंद होतो, म्हणून आपण पुरावा मागत नाही. खरी अडचण इथेच आहे. जी गोष्ट आवडते तीच जास्त तपासायला हवी. शिवाय खोट्या पराक्रमाच्या गोंगाटात झेंग हेचा खरा पराक्रम बाजूला पडतो. आणि कोलंबस असो की चिनी, 'शोध' कोणी लावला म्हणून भांडताना आपण तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या मूळ रहिवाशांना विसरतो.

"पुरावा नष्ट केला" हे वाक्य कुठे ऐकलं की कान टवकारा. पुरावा नसणं हाच पुरावा मानला, तर जगातली कोणतीही गोष्ट खरी ठरवता येईल.

स्वाध्याय

१. जगाच्या नकाशावर नानजिंग, कोळिकोड, होर्मुझ आणि एडन शोधून रेषेने जोडा.
२. कागदावरचा आणि दगडावरचा पुरावा यांत काय फरक असतो? गटात चर्चा करा.
३. मोबाईलवर आलेला इतिहासाचा एक संदेश घ्या. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, पुरावा काय, हे तीन प्रश्न त्याला विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.