काचेतलं ऊन

कासवाचे डोळे सुजले की आपण डोळ्यांचं औषध शोधायला धावतो. आमच्याकडेही तीच गडबड. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गुलाबपाण्याचे दोन थेंब घाल, नातवाला मी तेच घालते." घातलं नाही ते बरंच झालं. दुखणं टबातून आणि खाऊच्या डबीतून आलेलं होतं, डोळे फक्त ते दाखवत होते.

कानामागे लाल पट्टा असलेलं हे हिरवं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं दिसतं आणि विकणारा बिनधास्त सांगतो, "एवढंच राहतं, ताई. चिमूटभर खाऊ टाका, बस." प्रत्यक्षात ते ताटलीएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं.

मुलाच्या हट्टापायी ते आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत आलं. खोली १६० चौरस फुटांची, बाहेर मधला अंधारा बोळ, ऊन येणार ते खिडकीतूनच. टब बंद काचेखाली ठेवला होता आणि सकाळी त्यात झकास ऊन पडायचं. तरी कवचाची कड बोटाने दाबली की ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकायची. पाय ओढत चालायचं. मग खाणंच सोडलं.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी आधी कासवाला हात लावलाच नाही. टब कुठे ठेवता, काय घालता, तेच विचारत बसले. उन्हातले यूव्हीबी किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. ते अंगावर पडले नाहीत तर कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर ते हाडांतून, कवचातून ओढून घेतं. हल्ली काही घरांत बियर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातला सरडा पाळतात. त्याचा जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, तेही बहुतेक वेळा याच कमतरतेने. आता चाळी पाडून टॉवर होताहेत, ५०० चौरस फुटांची घरं आणि भल्यामोठ्या स्लायडिंगच्या काचा येतील. कासवाला त्या काचांचा काडीचा उपयोग नाही.

डोळ्यांचं कारण वेगळं निघालं. नुसत्या वाळक्या कोळंबीवर ठेवलं की अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या फुगतात. डोळे मिटले की खाणं दिसत नाही, त्यामुळे उपासही घडतो. किसलेला लाल भोपळा, गाजर, लाल ढोबळी मिरची आणि कासवांचा चांगल्या प्रतीचा गोळीखाऊ असं आलटून पालटून द्या. पालक रोज नको, त्याने कॅल्शियम अडतं. घरातली खारवलेली सुकट तर अजिबात नको. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात सोडा. कासव तो कुरतडत राहतं.

ऊन द्यायचं ते उघड्यावरचं, पण टबाचा अर्धा भाग सावलीत हवा. उथळ पाणी भर उन्हात चटकन तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. वर जाळी टाका. मुंबईचा कावळा टपलेलाच असतो. अंग कोरडं करायला विटेचा तुकडा ठेवा. ऊन मिळतच नसेल तर यूव्हीबीची नळी लावा, मात्र ती उजेड देत राहिली तरी किरण कमी होत जातात, म्हणून मुदतीत बदला.

पोहताना एका अंगाला कलणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं असू शकतात. तेव्हा "थंडीने झोपलंय" म्हणत बसू नका. डॉक्टरकडे जाताना सरपटणारे प्राणी पाहतात का, हे आधी विचारा. कुत्र्यांना जंतांसाठी, गोचिडांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर उठतं. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही जास्त झालं तर कातडी सोलवटते.

चाळीत मोरी एकच, तिथेच भांडी आणि तिथेच टब. ते बंद करा. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान मुलांना त्यांची लागण होते म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टबाला वेगळी बादली ठेवा आणि कासव हाताळलं की साबणाने हात धुवा.

आमच्या कासवाचं कवच काही महिन्यांनी टणक झालं. वर वळलेली कड मात्र तशीच राहिली, ती आता सरळ होणार नाही.

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव कुणी देऊ केलं तर घेऊ नका. ते पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि लाल कानाचं जड झालं म्हणून पुण्य समजून बाणगंगेत किंवा पवई तलावात सोडू नका. ते इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेशी बोला, आणि तोवर टब काचेबाहेर काढा.