नवा कर्नल खरोखरच वेगवान आहे का?

संगणकावर चालणारी आज्ञावली डिस्कवरची फाइल स्वतः वाचत नाही. ती कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, तशी विनंती करते. प्रोसेसर कोणाला किती वेळ मिळावा, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावी, हेही कर्नलच ठरवतो. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारणपणे नऊ-दहा आठवड्यांनी येते. ती आधीच्या आवृत्तीपेक्षा वेगवान आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

नियम पहिला : एकच गोष्ट बदला. साध्या लंबकाच्या दोऱ्याची लांबी बदलताना आपण इतर काही बदलत नाही. त्याचप्रमाणे यंत्र, स्मृती, डिस्क व चाचणीची आज्ञावली तीच ठेवून फक्त कर्नल बदलावा. 10 जुलै 2018 रोजी नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या. त्या दिवशीच्या उशिरावरून वेळापत्रक चांगले की वाईट, हे कोणी ठरवील काय?

नियम दुसरा : अनेक वाचने घ्या. समजा, एका कामाला पुढीलप्रमाणे सेकंद लागले :

जुना कर्नल : 50, 52, 49, 51, 68
नवा कर्नल : 48, 50, 49, 47, 51

सरासरी 54 व 49 येते. म्हणजे नवा कर्नल 9 टक्क्यांनी वेगवान! पण 68 हे वाचन बघा. त्या वेळी संगणक दुसरेही काही काम करीत असावा. वाचने चढत्या क्रमाने मांडून मध्यक काढला, तर 51 व 49 मिळतात. फरक फक्त 2 सेकंदांचा उरतो आणि दोन्ही गटांतील वाचने एकमेकांत मिसळलेली आहेत. तेव्हा इतक्या वाचनांवरून निर्णय देता येत नाही.

नियम तिसरा : मोजपट्टी ओळखा. पुण्यातील 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर 2007 मध्ये जगात चौथा ठरला. सेकंदाला 117.9 लक्ष कोटी गणिती क्रिया, हा त्याचा वेग. जून 2008 मध्ये हाच आकडा 132.8 झाला, पण क्रमांक आठवा आला, कारण इतर यंत्रे पुढे गेली. क्रमांक इतरांवरही अवलंबून असतो, हे ध्यानात ठेवा. शिवाय ही चाचणी रेषीय समीकरणांचा मोठा संच सोडवण्याची. तीत कर्नलला विनंत्या थोड्याच होतात. म्हणून ती कर्नलविषयी फारसे सांगत नाही.

आता एक महत्त्वाचा प्रसंग पाहू. जानेवारी 2018 मध्ये अनेक प्रोसेसरांतील 'मेल्टडाऊन' हा दोष जाहीर झाला. त्यामुळे एखादी आज्ञावली कर्नलच्या स्मृतीतील गुप्त माहिती वाचू शकत असे. उपाय म्हणून त्याच महिन्यात आलेल्या लिनक्स 4.15 मध्ये कर्नलच्या स्मृतीचा नकाशा आज्ञावलीच्या नकाशापासून वेगळा केला गेला. साहजिकच, सदोष प्रोसेसरांवर प्रत्येक विनंतीला जाता-येता नकाशा बदलावा लागू लागला. नुसती आकडेमोड करणाऱ्या कामांवर परिणाम नगण्य झाला, मात्र वारंवार लहान फाइली वाचणारी कामे मंदावली. म्हणजे नवी आवृत्ती वाईट होती का? नाही. ती सुरक्षिततेची किंमत होती. वेग मोजताना त्या वेगासाठी काय दिले, काय मिळवले, हेही विचारले पाहिजे.

स्वाध्याय : जुना कर्नल 40, 41, 40, 42, 41 सेकंद घेतो व नवा 36, 37, 36, 38, 37. मध्यक काढा. येथे निर्णय देता येईल का? कारण लिहा.