पाच तलाव नकोत

वाडी, नागपूर

चि. ओंकार यास,


पुण्याच्या मित्रांना घेऊन येतोस, छान. पण बेत वाचून हसू आलं. फुटाळा, गोरेवाडा, मानसर, खिंडसी आणि वर तोतलाडोह, दोन दिवसांत! अरे, सहल तुमच्या गाड्यांचीच होईल. रामटेकचा परिसर तेवढा ठेव आणि पायी फिरा.

आधी नगरधनला जा, रामटेकच्या गडावर नंतर. बहुतेक लोक गड पाहून परततात, नगरधन राहूनच जातं. वाकाटक राजांचं नंदिवर्धन ते हेच मानतात. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता या घराण्यात सून म्हणून आली. नवरा लवकर गेला, मुलं लहान. कारभार तिने हाती घेतला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आज नगरधनला दिसणारा किल्ला पुष्कळ नंतरचा, त्यावरच भाळून थांबू नका. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली, तिच्यावर शंख आहे. तिचा एक ताम्रपट रामगिरीस्वामींच्या, म्हणजे या गडावरच्या देवाच्या, पायाशी दिलेला. एवढं ठाऊक असलं की गडावरचा अवाढव्य वराह आणि केवल नरसिंह, रुद्र नरसिंह ही देवळं नुसती जुनी वाटत नाहीत, तिच्या घरची वाटतात. मेघदूतातला रामगिरी हाच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. काहींना ते पटत नाही. तुम्ही वर बसून खुशाल भांडा. फक्त खाण्याच्या पिशव्या हातात मिरवू नका, वांदरं हिसकावतात.

उतरल्यावर अंबाळा तलाव. तिथल्या घाटांवर लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात. स्पीकर आणि रील दोन्ही बंद. नुकतंच मुंडण केलेला कुणी पायरीवर बसलेला दिसला, तर बाजूने मुकाट निघून जायचं. मित्रांना हे आधीच सांगून ठेव, तिथे गेल्यावर डोळे वटारून उपयोग नाही.

मुक्काम खिंडसीला, पण तंबू राहायची रीतसर सोय आहे तिथेच, विचारून लावा. पलीकडच्या रानात नको. वनखात्याची परवानगी तुम्हाला लागते, बिबट्याला लागत नाही. सागाचा पाला वाळला की ठिणगी पुरते, म्हणून शेकोटी नाही, स्टोव्ह न्या. पाण्यात उतरायचं नाही, कितीही पोहता येत असलं तरी. थंडी पुण्यासारखी समजू नका, जाड पांघरूण हवंच.

रविवारी मानसर. हिडिंबा टेकडीवर विटांचं मोठं बांधकाम उघडं पडलंय. काही अभ्यासक तिथे प्रवरपूर, म्हणजे प्रभावतीच्या मुलाची, दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी मानतात. आईच्या गावाहून लेकाच्या गावी पायी जाता येतं, असं दुसरीकडे कुठे सापडेल सांग. विटांवर चढून फोटो मात्र नकोत. पुढे हमरस्त्यावर नागपूरची एसटी मिळते.

तंबू आमच्या माळ्यावर आहे. शुक्रवारी येऊन अंगणात एकदा उभा करून बघ, खुंट्या कमी वाटतात मला. आणि मुक्कामाचं वहिनीला तूच सांग, मी सांगणार नाही.

तुझी,
आत्या