आधी दुसऱ्याचा पॅच वाच

अगं, एडिंबराला पोचलीस, खोली मिळाली, इलेक्ट्रिक शेगडीवर पोळ्या फुगत नाहीत ही तक्रारही करून झाली. आता कामाचं बोलू. एमएस्सी करता करता लिनक्स कर्नलच्या फाईलसिस्टीममध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचा, आणि तोही दिवाळीच्या आत, असं तू ठरवलंयस. पाठव की, कोण नको म्हणतंय! पण माझं ऐकशील तर दिवाळीपर्यंत एक ओळही लिहू नकोस. दुसऱ्यांनी पाठवलेले पॅच वाच, आपल्या मशीनवर चालवून बघ, आणि जे खटकेल ते विचार. तिथे लिहिणारे पुष्कळ आहेत. शांतपणे बसून दुसऱ्याचं वाचणाऱ्यांचा मात्र कायमचा दुष्काळ, आणि काय आत घ्यायचं ते ठरवणारे सगळे मेंटेनर त्याच नावाने रडतात. म्हणजे जागा रिकामी कुठे आहे ते तुला आयतंच कळलं.

तुझ्या गावच्याच माणसाचं उदाहरण घे. स्टीफन ट्वीडी. जन्म एडिंबराचा, १९६९चा. शिकला केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात आणि मग तुझ्याच विद्यापीठात. त्या काळी लिनक्सवर ईएक्सटी-२ ही फाईलसिस्टीम चालायची. वेगवान होती, पण मध्येच वीज गेली की मशीन परत सुरू होताना अख्खी डिस्क तपासत बसायची, आणि डिस्क जितकी मोठी तितका वेळ जास्त. ट्वीडीने १९९८मध्ये यावरचा उपाय एका निबंधात मांडला. आपल्या आजोबांच्या दुकानात व्यवहार आधी रोजकीर्दीत चढायचा आणि मग सवडीने खतावणीत जायचा ना, तसंच. बदल आधी जर्नलमध्ये लिहायचा, तो पुरता उतरला की ‘झालं’ अशी खूण करायची, आणि मगच मूळ जागी न्यायचा. वीज गेलीच तर खूण असलेले बदल पुन्हा लावायचे आणि अर्धवट राहिलेले सोडून द्यायचे. अख्खी डिस्क चाळायची गरजच उरत नाही.

मला त्यात सगळ्यात आवडतं ते त्याने काय मोडलं नाही हे. डिस्कवरची जुनी मांडणी त्याने तशीच ठेवली. ईएक्सटी-२ च्या चालू डिस्कला एका आज्ञेने जर्नल जोडता यायचं, की झाली ती ईएक्सटी-३, आणि नीट बंद केलेली ईएक्सटी-३ डिस्क पुन्हा ईएक्सटी-२ म्हणून उघडायची. लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब, प्रबंध आधीच त्या डिस्कवर आहेत, हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय तोच असं काम करतो.

ईएक्सटी-३ मुख्य कर्नलमध्ये आली ती नोव्हेंबर २००१मध्ये, २.४.१५ या आवृत्तीत. गंमत बघ, त्याच आवृत्तीत एक भलताच बग होता. डिस्क अनमाउंट करताना फाईलसिस्टीम बिघडायची. ईएक्सटी-३ चा त्यात काही दोष नव्हता, घोळ वरच्या सामायिक थरातला होता. काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली. पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये चूक झाली तर मशीन पुन्हा चालू केलं की बहुधा निभतं. इथली चूक डिस्कवर लिहिली जाते. तू दुरुस्ती पाठवलीस तरी काल बिघडलेली फाईल बिघडलेलीच राहते. म्हणून या भागातले लोक चिकट वाटतात, आणि खरं सांगायचं तर ते तसेच असावेत.

आता वाचायचं कसं ते सांगते. पॅचमध्ये सगळं सुरळीत पार पडलं तर काय होतं ते लिहिणाऱ्याने तपासलेलंच असतं. तू उलट्या बाजूने शिर. मेमरी मागितली आणि मिळालीच नाही तर? त्या वाटेने बाहेर पडताना घेतलेला लॉक सुटला का? धरून ठेवलेला बफर परत केला का? माझ्या अनुभवात निम्मे दोष या मागच्या दारातच सापडतात, कारण त्या वाटेने सहसा कोणी जातच नाही. मग मेमरी मागताना ‘जीएफपी-नोएफएस’ ही खूण लावलीय का ते बघ. फाईलसिस्टीमने लॉक धरून मेमरी मागितली आणि कर्नल मेमरी मोकळी करायला पुन्हा त्याच फाईलसिस्टीमकडे आलं, की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. नंतर डिस्कवरून वाचलेला प्रत्येक आकडा संशयाने बघ. तो कोणी मुद्दाम बिघडवलेला असू शकतो. तोच आकडा इंटेलवर आणि उलट्या क्रमाने बाइट ठेवणाऱ्या मशीनवर सारखाच वाचला जाईल का, हेही पाहा. त्यासाठी ‘स्पार्स’ नावाचं साधन आहे, ते चालव. आणि शेवटी डिस्कवरच्या कुठल्याही दोन लिखाणांच्या मध्ये बोट ठेवून विचार, की नेमकी इथेच वीज गेली तर?

त्यासाठी खरोखरचा प्लग उपटत बसू नकोस हं. ‘डीएम-लॉग-राइट्स’ डिस्कवर गेलेलं प्रत्येक लिखाण नोंदवून ठेवतं, आणि मग हव्या त्या क्षणापर्यंत पुन्हा घडवून दाखवतं. फाईलसिस्टीमच्या चाचण्यांचा मोठा संच आहे तो ‘एक्सएफएसटेस्ट्स’, आता नुसतं ‘एफएसटेस्ट्स’ म्हणतात. मूळचा एक्सएफएस या दुसऱ्या फाईलसिस्टीमपुरता होता, आज जवळजवळ सगळ्यांचा झालाय. तो व्हर्च्युअल मशीनमध्ये चालव. त्याला एक ‘स्क्रॅच’ डिस्क द्यावी लागते आणि ती तो पुन्हा पुन्हा पुसतो. चुकून तुझ्या प्रबंधाचं पार्टिशन तिथे लिहिलंस तर मला रात्री फोन करू नकोस.

एकट्या पॅचपुरतं वाचून भागत नाही, हे दाखवणारं अलीकडचं प्रकरण डिसेंबर २०२३चं आहे. ईएक्सटी-३ च्या पुढच्या पिढीतली, म्हणजे ईएक्सटी-४ मधली एक योग्य दुरुस्ती जुन्या ६.१ मालिकेत नेली गेली. ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती, तो मात्र न्यायचा राहिला. कॅशला वळसा घालून थेट डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमना फटका बसला. एकदा लिहून झाल्यावर फाईलमध्ये आपण कुठवर आलो ती जागा चुकीची धरली जायची, आणि पुढचं भलतीकडे लिहिलं जायचं. डेबियन १२.३ बाहेर पडणार होती ९ डिसेंबरला. ती ऐनवेळी थांबवली आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नल घेऊन १२.४ काढली. मुख्य कर्नलमध्ये दोन्ही बदल बरोबर होते. म्हणून पॅच वाचताना हाही प्रश्न ठेव: हा कशावर उभा आहे, आणि ते इथे आहे का?

पण विचारायचं कसं, हेच तुझ्या जिवावर येणार, मला ठाऊक आहे. आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारू नये, हे बाळकडूच असतं. त्यात इथल्या ब्रिटिश ऑफिसांतली ती गोड गुळगुळीत भाषा. दोन्हीच्या मध्ये मुलगी गप्प बसते. वीस वर्षं एक्सएफएस लिहिणाऱ्याला मी काय सांगणार, असं वाटतं ना? सांगू नकोस, विचार. ‘या ओळीत परत येताना लॉक कुठे सुटतो ते मला दिसलं नाही’, एवढं पुरतं. तुझं चुकलं असेल तर तो दाखवेल आणि तू शिकशील. बरोबर असेल तर कोणाच्या तरी फाईली वाचतील. उत्तर तुटक आलं तर मनाला लावून घेऊ नकोस. ते वाक्य ज्या ओळीबद्दल असतं तिथेच ठेव, उशाशी घेऊन झोपू नकोस.

‘रिव्ह्यूड-बाय’ ही सही मात्र सढळ हाताने वाटू नकोस. मी हे तपासलं, शंका विचारल्या, आणि हे आत घेण्याजोगं आहे असं मला वाटतं, असा तिचा अर्थ. नुसतं चालवून पाहिलं असेल तर ‘टेस्टेड-बाय’ आहे, त्यात काही कमीपणा नाही. सह्यांवरून आठवलं, ईएक्सटी-४ च्या जर्नलला २००८मध्ये चेकसमची सोय जोडली गेली, त्या बदलाच्या सह्यांमध्ये एक अस्सल मराठी आडनाव आहे. शोधून बघ, छाती जराशी फुगते.

धीराचं एक ब्रिटिश उदाहरणही देते, कारण तुझी घाई मला माहीत आहे. स्क्वॅशएफएस ही वाचण्यापुरती, घट्ट दाबलेली फाईलसिस्टीम एका ब्रिटिश अभियंत्याने २००२मध्ये बाहेर आणली. लिनक्सच्या लाइव्ह सीड्यांवर ती सर्रास चालत होती. तरी मुख्य कर्नलमध्ये शिरली ती मार्च २००९मध्ये, २.६.२९ बरोबर. आधी ती दोन्ही बाइटक्रमांत डिस्क लिहू द्यायची, आत येताना एकच ठेवली. लोक वापरतायत एवढ्यावर कोणी दार उघडलं नाही.

उलट उदाहरण बीकॅशएफएस या फाईलसिस्टीमचं. जानेवारी २०२४मध्ये ६.७ बरोबर आत आली. पुढे, फक्त दुरुस्त्यांसाठी राखलेल्या आठवड्यांत मोठाले बदल पाठवण्यावरून आणि एकमेकांशी बोलण्यावरून इतके खटके उडाले, की २०२५मध्ये ६.१८ मधून तिचा कोड काढूनच टाकला. लिहिणाऱ्याच्या हुशारीबद्दल कोणाचीच शंका नव्हती. मला विचारशील तर नुकसान दोन्हीकडे झालं.

आता कागदपत्रांचं, कारण हे तुला वर्गात कोणी सांगणार नाही. पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहिलंस म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं तू जाहीर करतेस. २००४पासूनची ही पद्धत. उद्या इथे नोकरी लागली की १९८८च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची पहिली मालकी मालकाची, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. शनिवारी घरी लिहिलेलंही त्यात ओढणारे करार असतात. म्हणून सही करण्याआधी ते कलम वाच आणि परवानगी लेखी माग. चहा पिता पिता कोणी ‘हो हो, चालेल’ म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही.

विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि स्वतःचा धंदा म्हणून काम घेता येत नाही. एमएस्सीचा उन्हाळा प्रबंधाचा, त्यामुळे तोही सहसा टर्ममध्येच धरतात. फुकट पॅच वाचणं वेगळं. पण कोणी मानधन, शिष्यवृत्ती, ‘छोटंसं कंत्राट’ असं काही देऊ केलं, तर हो म्हणण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेल टाक. त्यांचं उत्तर जपून ठेव, आणि मलाही त्याची प्रत पाठव.